पाहिलेले आणि ओळखलेले

शाळेच्या क्रमिक पुस्तकात जीवशास्त्राची मूलतत्त्वे बहुधा चार वाक्यांत आटोपतात. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते. वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशीत एक केंद्रक असते व त्यात आनुवंशिकतेचे द्रव्य असते. त्या द्रव्यातील संकेतांप्रमाणे पेशी आपली प्रथिने घडवते. मुले ही वाक्ये पाठ करतात, परीक्षेत उतरवून देतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या वाक्यांना मूलतत्त्वे म्हणावे हे योग्यच आहे. मात्र मूलतत्त्व म्हणजे आरंभीच हाती लागलेले तत्त्व, असा जो समज या शब्दामुळे होतो, तो इतिहासाला धरून नाही. पहिल्या वाक्याच्या पहिल्या अक्षरापासून चौथ्या वाक्याच्या पूर्णविरामापर्यंत पोचण्यास माणसाला तीनशे वर्षे लागली आहेत.

या तीनशे वर्षांचा वृत्तान्त चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. डोळ्यांना दिसणे आणि दिसलेले ओळखणे यांत फार मोठे अंतर असते. पेशीच्या बाबतीत तर पुष्कळ गोष्टी आधी दिसल्या आणि पिढ्या लोटल्यावर ओळखल्या गेल्या. कधी साधने तोकडी पडली, कधी योग्य प्रश्न कोणी विचारला नाही, आणि कित्येकदा मोठ्या नावाच्या दडपणाखाली माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ही तिसरी अडचण अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण तिचा संबंध केवळ प्रयोगशाळेशी नाही.

कथेचा आरंभ बुचाच्या एका पातळ कापापासून होतो. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांची व्यवस्था पाहणारा रॉबर्ट हूक हा मोठा कल्पक गृहस्थ होता. धारदार चाकूने बुचाचा पापुद्रा कापून तो त्याने आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला, तेव्हा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरे त्याला दिसली. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने या घरांना ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. एक घन इंच बुचात अशा १,२५,९७,१२,००० खोल्या मावतील, असा हिशेबही त्याने मांडला. हिशेब चोख होता, पण हूकने पाहिली ती रिकामी घरे होती. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्या घरांत राहणारा केव्हाच निघून गेला होता आणि मागे उरल्या होत्या केवळ भिंती. पेशीला नाव मिळाले ते तिच्या भिंतींवरून.

घरात राहणाऱ्यांची पहिली भेट झाली ती हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी. अंतोनी व्हान लेवेनहुक हा तेथला कापडाचा व्यापारी. नगरसभेच्या दालनाची देखभाल करण्याची नोकरीही त्याच्याकडे होती. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते आणि विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. पण भिंगे घासण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. पाण्याच्या थेंबात वळवळणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचे वर्णन त्याने १६७६ साली रॉयल सोसायटीला पत्राने कळवले, तेव्हा तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. शेवटी हूकनेच यंत्राची जुळवाजुळव केली, प्रयत्न फसले तरी पुन्हा पुन्हा पाहिले, आणि १६७७ साली सभासदांसमोर ते जीव दाखवून दिले. लॅटिन न येणाऱ्या कापडवाल्याचे म्हणणे पदवी पाहून फेटाळले गेले नाही. ते पडताळून पाहिले गेले. पुढे १६८० साली सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

यानंतर दीडशे वर्षे ही विद्या फारशी पुढे सरकली नाही. त्या काळच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकात वस्तूच्या कडांभोवती रंगांच्या झालरी उमटत आणि आतला तपशील पुसट होई. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात ही झालर घालवणारी भिंगे तयार होऊ लागली, तेव्हा वाट मोकळी झाली. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशीत एक गोलसर ठिपका पाहिला आणि तो पेशीपेशीत सापडतो हे ध्यानात घेऊन त्याला केंद्रकाचे नाव दिले. सात वर्षांनी मात्तियास श्लायडेन याने सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे प्रतिपादन केले. श्लायडेन हा मूळचा वकील. त्याचा मित्र थेओडोर श्वान प्राण्यांच्या शरीराचा अभ्यासक होता. वनस्पतीच्या केंद्रकाची हकीकत श्लायडेनच्या तोंडून ऐकताच, बेडकाच्या पिलाच्या पृष्ठरज्जूत आपण अगदी असेच काही पाहिले आहे, हे श्वानला आठवले. १८३९ साली त्याने ग्रंथ लिहून जाहीर केले की, झाड आणि प्राणी यांची घडण मुळात एकच आहे. वड आणि बेडूक, गवत आणि माणूस यांना एका सूत्रात गुंफणारा हा विचार होता.

तरीही या दोघांची एक समजूत चुकीची होती. पाकातून खडीसाखरेचे खडे जमावेत, तशा नव्या पेशी एखाद्या पोषक द्रवातून आपोआप जमतात, असे त्यांना वाटे. बर्लिनमधील रॉबर्ट रेमाक याला ते पटेना. कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भात रक्ताच्या पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, हे त्याने १८४१ सालीच पाहिले होते. पुढची दहा वर्षे बेडकाची अंडी आणि इतर ऊती तपासून, पेशी ही केवळ पेशीच्या विभाजनातून जन्मते, हे त्याने १८५२ साली निःसंदिग्धपणे मांडले. १८५५ साली रुडॉल्फ फिरखो या नामांकित रोगशास्त्रज्ञाने तेच तत्त्व एका आटोपशीर लॅटिन वचनात सांगितले: प्रत्येक पेशी पेशीपासूनच. वचन जगभर झाले, फिरखोच्या नावाने झाले, आणि रेमाकचे नाव मागे पडले. रेमाक यहूदी होता आणि धर्म सोडण्यास तयार नव्हता. तेव्हाच्या प्रशियात त्यामुळे त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही.

फिरखोचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. रोग म्हणजे शरीरातील रसांचा बिघाड, ही युरोपातील फार जुनी समजूत त्याने मोडली आणि रोगाचे मूळ पेशीत शोधावे हे वैद्यकाला शिकवले. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपल्याच पेशीची वाट चुकलेली संतती असते, हे ज्ञान याच वचनातून निघाले. या वचनाचा दुसरा अर्थ त्याहूनही खोल आहे. प्रत्येक पेशीला आधीची पेशी असलीच पाहिजे, तर आपल्या देहातील कोणत्याही पेशीची वंशावळ कुठेही खंड न पडता पृथ्वीवरील आद्य सजीवांपर्यंत मागे जाते. कोणत्याही राजघराण्याच्या बखरीत एवढी सलग वंशावळ सापडणार नाही, आणि ती गवताच्या पात्यापाशीही आहे.

पेशीपासून पेशी जन्मते. मग मातेच्या पेशीतून कन्येच्या पेशीत नेमके काय जाते? या प्रश्नाचे उत्तर देणारे तीन पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सोळा-सतरा वर्षांच्या अवधीत गोळा झाले. त्यांतला पहिला ब्रनो येथील मठातला. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याची हजारो झाडे वाढवून मोजली आणि गुण हे रंगासारखे मिसळून जात नाहीत, सुट्या नाण्यांसारखे अखंड राहून पुढच्या पिढीत जातात, हे १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. दुसरा ट्यूबिंगेन येथील. तेथल्या जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश मीशर या तरुण वैद्याने १८६९ साली रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन काढला आणि त्यातील पेशींच्या केंद्रकातून फॉस्फरसयुक्त असे एक अनोळखी द्रव्य वेगळे केले. त्याला त्याने ‘न्यूक्लीन’ म्हटले. त्याचे गुरू होप-झायलर यांना ते इतके अनपेक्षित वाटले की, स्वतः प्रयोग करून खात्री पटल्यावरच, १८७१ साली, त्यांनी ते छापले. तिसरा पुरावा वाल्थर फ्लेमिंगचा. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले नवे रंग वापरून त्याने केंद्रक रंगवले, तेव्हा पेशी दुभंगण्यापूर्वी केंद्रकात धागे प्रकट होतात, उभे चिरले जातात आणि दोन्ही बाजूंस सारखे वाटले जातात, असे त्याला दिसले. त्याचा ग्रंथ १८८२ सालचा. याच धाग्यांना १८८८ साली ‘क्रोमोसोम’ हे नाव मिळाले. आपण त्यांना रंगसूत्रे किंवा गुणसूत्रे म्हणतो.

ज्यांचा कचेरीतल्या दप्तराशी रोज संबंध येतो, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. एकाच खटल्याची तीन कागदपत्रे तीन खात्यांत बांधून ठेवलेली असावीत आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नसावा, तसे येथे झाले. मेंडेलचे गुण कशावर बसून प्रवास करतात, हे मेंडेलला ठाऊक नव्हते. फ्लेमिंगचे धागे काय वाहून नेतात, हे फ्लेमिंगला ठाऊक नव्हते. मीशरचे द्रव्य कशासाठी आहे, हे मीशरला कळले नाही. मेंडेलचा निबंध १९०० साली तिघा संशोधकांनी पुन्हा उजेडात आणला, तेव्हा तो निवर्तून सोळा वर्षे झाली होती. त्यानंतर पहिल्या आणि तिसऱ्या कागदाची गाठ लवकर पडली. वॉल्टर सटन आणि थेओडोर बोव्हेरी यांनी रंगसूत्रांची चाल मेंडेलच्या नियमांशी जुळते हे दाखवले, आणि १९१० नंतर टॉमस मॉर्गन याने फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर प्रयोग करून जनुके रंगसूत्रांवरच असतात हे सिद्ध केले. दुसरे कागदपत्र, मीशरचे, मात्र तसेच पडून राहिले.

ते का पडून राहिले हे समजून घेण्यासाठी त्या काळचा प्रथिनांचा दबदबा ध्यानात घेतला पाहिजे. १८९७ साली एडुआर्ड बुखनर याने यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि एकही जिवंत पेशी नसताना तो रस साखरेचे मद्य करतो असे दाखवले. पेशीतली कामे करणारे कारागीर रसायनेच आहेत हे त्यावरून सिद्ध झाले, आणि हे कारागीर प्रथिने आहेत हे पुढे ठरले. या कारागिरांपैकी एका महत्त्वाच्या कारागिराच्या शोधात एका मराठी विदुषीचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी आग्रह धरला, एक वर्ष परीक्षेवर राहण्याची अट स्वीकारली आणि ती परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली. तेथून त्या केंब्रिजला गेल्या. प्राण्यांच्या पेशीत श्वसनाचे काम करणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतीच्या पेशीतही असते, असे त्यांना बटाट्यावर काम करताना आढळले. १९३९ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्या वर्षी श्वानच्या ग्रंथाला बरोबर शंभर वर्षे झाली होती. झाड आणि प्राणी यांची घडण एकच, असे श्वान भिंगातून पाहून म्हणाला होता. त्यांचा श्वासही एकाच तऱ्हेने चालतो, याचा रासायनिक पुरावा आता हाती येत होता.

प्रथिने इतकी विविध आणि इतकी करामती असल्यामुळे आनुवंशिकतेचे द्रव्यही प्रथिनच असले पाहिजे, असे बहुतेकांनी गृहीत धरले. मीशरच्या द्रव्याला एव्हाना डीएनए हे नाव मिळाले होते. त्यात अवघे चार घटक. हे चार घटक एकाच क्रमाने पुनःपुन्हा येतात, असे फीबस लेव्हीन या मोठ्या रसायनज्ञाचे मत होते. ते खरे धरले तर डीएनए म्हणजे चारच अक्षरे त्याच त्या क्रमाने गिरवलेली पाटी. तिच्यात एवढ्या मोठ्या सृष्टीचा मजकूर कसा मावणार? लेव्हीनची विद्वत्ता थोर होती, म्हणून त्याचे अनुमान दीर्घकाळ सिद्धान्ताच्या जागी बसून राहिले.

ते ढळवले न्यूयॉर्कमधील ऑस्वाल्ड एव्हरी या मितभाषी वैद्याने. फुप्फुसदाह करणाऱ्या जंतूंच्या मेलेल्या घातक जातीतील काही द्रव्य निरुपद्रवी जातीला मिळाले की, तीही घातक होते आणि तिची संततीही घातकच निपजते, हे १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ याने दाखवले होते. ते द्रव्य कोणते? एव्हरी आणि त्याचे दोघे सहकारी या एका प्रश्नामागे वर्षानुवर्षे लागले. प्रथिने नष्ट केली, तरी गुण पुढे जाई. डीएनए नष्ट केले की थांबे. १९४४ साली, आपल्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात एव्हरीने हे अत्यंत जपून, मोजक्या शब्दांत सांगितले. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. नमुन्यात थोडे प्रथिन राहून गेले असेल, असे ते म्हणत राहिले. नोबेल पारितोषिक न मिळताच १९५५ साली एव्हरी वारला.

त्याच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे कोडे सुटले होते. डीएनएचे चार घटक सर्व सजीवांत सारख्या प्रमाणात नसतात, पण त्यांतील दोन जोड्यांचे प्रमाण मात्र नेहमी समसमान असते, हे अर्विन चारगाफ याने मोजून दाखवले होते. १९५२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या देखरेखीखाली डीएनएचे एक स्वच्छ क्ष-किरणचित्र घेतले गेले. ते केंब्रिजच्या जेम्स वॉटसनला तिच्या नकळत दाखवण्यात आले. वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये एका छोट्याशा लेखात डीएनएची रचना मांडली: एकमेकांभोवती वळलेले दोन पदर, आणि एका पदरावरील घटकासमोर दुसऱ्यावर ठरलेलाच घटक. पदर सुटे केले तर प्रत्येक पदरावरून दुसरा नव्याने लिहिता येतो. मूळ दस्तऐवजातच नक्कल करण्याची सोय असावी, अशी ही योजना. १९५८ साली मेसेलसन आणि श्टाल यांनी ही नक्कल खरोखरच तशी होते हे प्रयोगाने दाखवले. त्याच वर्षी रोझालिंड फ्रँकलिन वयाच्या सदतिसाव्या वर्षी कर्करोगाने वारली. १९६२ च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी ती हयात नव्हती.

आता चौथे वाक्य तेवढे उरले होते. चार अक्षरांत लिहिलेल्या मजकुरावरून वीस अमिनो आम्लांची प्रथिने कशी घडतात? हिशेब साधा आहे. एकेक अक्षर घेतले तर चारच संकेत होतात, दोन-दोन घेतली तर सोळा. तीन-तीन घेतली तर चौसष्ट होतात आणि ते वीस आम्लांना पुरून उरतात. मूळ दस्तऐवज केंद्रकाच्या दप्तरखान्यातून बाहेर जात नाही. त्याची एक उतरवलेली प्रत, जिला दूत आरएनए म्हणतात, ती कारखान्यात जाते, हे १९६१ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिश मथाय यांनी एकाच अक्षराची लांबच लांब प्रत तयार करून पेशीच्या रसात घातली, तेव्हा एकाच अमिनो आम्लाची साखळी बाहेर पडली. संकेताचा पहिला शब्द वाचला गेला. पुढच्या पाच वर्षांत उरलेलेही वाचले गेले. एकसष्ट शब्द अमिनो आम्लांसाठी आहेत आणि तीन शब्द पूर्णविरामासाठी.

या वाचनात सिंहाचा वाटा उचलणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराना होते. मुलतान जिल्ह्यातील रायपूर या शंभर वस्तीच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याच्या जागी. गावात लिहिता-वाचता येणारे असे हे जवळजवळ एकच घर, आणि आरंभीची शाळा झाडाखाली भरत असे. सरकारी शिष्यवृत्तीवर खुराना १९४५ साली इंग्लंडला गेले. १९४९ साली ते थोडा काळ स्वदेशी परतले, तेव्हा त्यांना येथे काम मिळाले नाही, आणि ते पुन्हा परदेशी गेले ते तिकडेच राहिले. ठरावीक क्रमाने अक्षरे गुंफून न्यूक्लिइक आम्लाचे धागे हाताने विणण्याची जी विद्या त्यांनी साध्य केली, तिच्यामुळे संकेताचा शब्द न शब्द पडताळता आला. १९६८ च्या नोबेल पारितोषिकात नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्याबरोबर ते वाटेकरी झाले. १९४९ चा भारत त्यांना एक मेज आणि काही काचपात्रे देऊ शकला नाही, ही खंत मनात राहतेच. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या पाठबळाने ओबेद सिद्दिकी यांनी या नव्या विद्येचा विभाग सुरू केला आणि तरुणांसाठी एक दार तरी उघडले.

येथे चार वाक्ये पुरी झाली. पण प्रारंभी म्हटलेली तिसरी अडचण, म्हणजे डोळ्यांवर विश्वास न ठेवण्याची, स्पष्ट करणारी एक हकीकत अजून सांगावयाची आहे. माणसाच्या पेशीत रंगसूत्रे किती? १९२३ साली थिऑफिलस पेंटर या अमेरिकन संशोधकाने मोजून अठ्ठेचाळीस असा आकडा दिला. त्या काळच्या पद्धतीत रंगसूत्रे एकमेकांवर पडून गुंतलेली दिसत, त्यामुळे मोजणी कठीण होती. पेंटरला दोष देण्याचे कारण नाही. पण आकडा एकदा छापला गेला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात उतरत राहिला. दुसऱ्यांनी मोजले, त्यांनाही अठ्ठेचाळीसच सापडली. कारण किती सापडावयास हवीत हे त्यांना आधीच ठाऊक होते. १९५२ साली टी. सी. सू यांच्या प्रयोगशाळेत क्षारद्रावण चुकून पातळ झाले, पेशी फुगल्या आणि रंगसूत्रे प्रथमच सुटी सुटी, स्वच्छ दिसली. तरीही सू यांनी आकडा लिहिला अठ्ठेचाळीसच.

शेवटी १९५५ च्या डिसेंबरात, स्वीडनमधील लुंड येथे, जावा बेटावर जन्मलेल्या जो हिन त्जियो याने मोजले. शेहेचाळीस भरली. पुन्हा मोजली, दुसऱ्या पेशीत मोजली, शेहेचाळीसच. आल्बर्ट लेव्हान याच्याबरोबर त्याने १९५६ साली हा आकडा प्रसिद्ध केला, आणि मग ज्याने त्याने आपल्याकडील जुन्या काचपट्ट्या बाहेर काढून पाहिल्या. तेथेही शेहेचाळीसच होती. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तीस वर्षे कोणी पाहिली नव्हती. या चुकीची किंमत काय होती हे तीनच वर्षांत कळले. १९५९ साली पॅरिसमध्ये मार्थ गोतिए हिने वाढवलेल्या पेशी तपासून, डाउन-लक्षणांच्या मुलांत सत्तेचाळीस रंगसूत्रे असतात, हे जेरोम लेजन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. जिथे अठ्ठेचाळीस हीच प्रकृती मानली होती, तिथे सत्तेचाळीस म्हणजे एक कमी, असेच कोणीही म्हटले असते. शेहेचाळीस ठाऊक झाल्यावर एक अधिक आहे हे कळले, आणि अशा मुलांच्या मातांवर पिढ्यान्‌पिढ्या येत असलेला ठपका दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

छापील आकड्याने संशोधकांना फसवले. त्याच आकड्यावर राजमुद्रा उमटली तर काय होते, हेही विसाव्या शतकाने पाहिले आहे. मेंडेलचे नियम नुकतेच कोठे समजू लागले होते, रंगसूत्रांची संख्यासुद्धा नीट ठाऊक नव्हती, अशा वेळी १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने संततिबंदी करणारा कायदा केला. इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. जर्मनीत १९३३ साली असाच कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. उलट टोकाला, सोविएत रशियात १९४८ साली शासनाच्या आशीर्वादाने ट्रोफिम लिसेंकोने मेंडेलची विद्याच बहिष्कृत केली. तत्पूर्वी, १९४३ साली, निकोलाय वाव्हिलोव्ह हा तेथला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तुरुंगात मरण पावला होता. एका ठिकाणी अर्धवट ज्ञानाला हुकूमनाम्याचे बळ मिळाले, दुसऱ्या ठिकाणी खऱ्या ज्ञानाला हुकूमनाम्याने गाडले. दोन्ही ठिकाणी ‘मंजूर’ असा शेरा मारणारे हात माझ्यासारख्या नोकरशहांचेच होते, हे विसरून चालणार नाही. हूकने लेवेनहुकचे पत्र हाती घेतल्यावर जे केले, म्हणजे स्वतः भिंगातून पाहिले, तेवढे कष्ट या हातांना घ्यावेसे वाटले नाहीत.

आपल्या बोलण्यातही अशा अनेक अठ्ठेचाळिशी लपून असतात. आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो, कोणाचा गुण ‘रक्तातच’ असल्याचे सांगतो, आणि शुद्ध रक्ताच्या अभिमानापोटी माणसामाणसांत भिंती घालतो. पेशीविज्ञान याविषयी काय सांगते? रक्ताला ज्यांच्यामुळे लाली येते, त्या माणसाच्या पक्व तांबड्या पेशींत केंद्रकच नसते. घडताना त्या ते टाकून देतात, आणि म्हणून वंशाचा लेख त्यांत नसतो. रक्ताच्या थेंबावरून नाते तपासतात ते त्यातील पांढऱ्या पेशींच्या आधाराने. आणि तो लेख तरी किती वेगळा निघतो? २००३ साली मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले व २०२२ साली उरलेल्या जागाही वाचल्या गेल्या. सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या या मजकुरात, प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपासच निघाली. पूर्वी लाखभर असतील असा अंदाज बोलून दाखवला जाई. कोणतीही दोन माणसे घेतली तरी त्यांच्या मजकुरातील हजारातली नऊशे नव्याण्णव अक्षरे, थोडेफार इकडेतिकडे, सारखीच असतात.

म्हणून ज्याला या विद्येची मूलतत्त्वे शिकावयाची आहेत, त्याने ती चार वाक्ये अवश्य पाठ करावीत, पण प्रत्येकाबरोबर ते कोणी, कशावरून आणि कोणती समजूत मोडून सांगितले, हेही शिकावे. कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडिनच्या थेंबात बुडवून शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर भिंती दिसतात आणि प्रत्येक भिंतीआड एक ठिपकाही दिसतो. हूकला जे नाव सुचले ते त्या भिंतींचे. ब्राउनला जे आढळले ते त्या ठिपक्याचे. आणि त्या ठिपक्यात जो लेख आहे, तो वाचावयास पटवाऱ्याच्या मुलापर्यंतची परंपरा लागली. मुलाने त्या भिंगाला डोळा लावला असताना शेजारच्या पुस्तकातील आकृती त्याच्यापुढे धरू नये. त्याला दिसते तेवढे आधी त्याला मोजू द्यावे.